कारूच्या माळावर भिवंडीचा छुरीवाला

माझं सगळं बदललं ते भिवंडीतल्या नारपोलीत, भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. आमच्या कारखान्यात सोळा लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू होते. गटारापलीकडच्या घराच्या वरच्या खिडकीत नसीम आली, तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "मना ने."

ऐकू काही आलं नाही. लूम चालू असताना आमच्याकडे कुणी कुणाचं ऐकत नाही, ओठ बघतात. चालता लूम सोडून बोलायला जायचं नसतं, म्हणून बॉबिन संपली, धागा तुटला, चहा आला, सगळं वीस फुटांवरून ओठांनी सांगायचं. 'मना' म्हणजे मला, आम्ही कोकणी मुसलमान घरात असंच बोलतो. नसीम आणि मी चार वर्षं असंच बोलत होतो, ती खिडकीत, मी लूमपाशी. महत्त्वाचं असं जे काही ती मला बोलली ते मी कधी ऐकलेलं नाही, फक्त बघितलंय.

दुसऱ्या दिवशी तिला विमानात बसवलं. केपटाऊनला तिची मोठी बहीण शाहीन आपा राहते. आपाच्या धाकट्या दिराशी, इम्तियाजशी, तिचं लग्न ठरलं होतं, निकाह सप्टेंबरात. मी एस.वाय. बी.कॉम.ला होतो. त्या आठवड्यात सरांनी हजेरीवरून हटकलं, तर ओळखपत्र त्यांच्या टेबलावर फेकलं आणि वर्गातून निघालो तो परत गेलोच नाही. मुलीने हात पुढे करून मला ने म्हटलंय, आणि मी ताळेबंद शिकू?

आता प्रवासाचं. केपटाऊनला माझे सुलेमान चाचा आहेत, त्यांचं मटणाचं दुकान आहे. भिवंडी आणि कोकणातून पूर्वी तिकडे गेलेली घरं एकमेकांना धरून आहेत. दरवर्षी जुलैमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, ही मंडळी कारू नावाच्या माळरानावर एका गोऱ्या शेतकऱ्याच्या रानात शिकारीला जातात, बायकामुलांसकट. चाचांनी वडिलांना लिहिलं होतं, "हातात छुरी घट्ट धरणारा एक जण कमी हाय. असता तर बरं झालं असतं." इम्तियाजचं घरही त्या टोळीत असतं, हे मला ठाऊक होतं. मी उलट टपाली कळवलं, येतो.

वडील म्हणाले, "कॉलेज सोडून हरनं कापायला आफ्रिकेला? वज्रेश्वरीला जा, गरम कुंडात डोकं बुडव, ठिकाणावर येईल."

मोटारसायकल विकली, कमी पडलं ते चाचांनी घातलं. तुम्ही जाणार असाल तर एक सांगतो, पासपोर्ट नीट बघा. जुन्या पासपोर्टांवर 'दक्षिण आफ्रिका वगळून' असा शिक्का असायचा, तो असेल तर आधी काढून घ्या. माझ्यावर होता. तो काढताना खिडकीवरच्या बाबूशी माझं भांडण झालं, त्यामुळे दोन खेपा वाढल्या. तुम्ही भांडू नका. नसीमचा एक फोटो माझ्याकडे होता, मंडईजवळच्या स्टुडिओतला, निळ्या पडद्यासमोर उभी असलेली. तो बरोबर नेला नाही. कस्टमवाले पाकीट उघडायला लावतात असं ऐकलं होतं, म्हणून ट्रंकेत हिशेबाच्या पुस्तकात ठेवला आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

मुंबई, नैरोबी, जोहान्सबर्ग, आणि तिथून बसने केपटाऊन. बसमध्ये शेजारची म्हातारी माझ्याकडे बघून हसली, मी काहीतरी बोललो, तर पुढच्या चार रांगांनी वळून बघितलं. मला वाटलं माझ्या इंग्रजीला हसतात. नंतर कळलं, मी ओरडत होतो. भिवंडीत ते बोलणंच असतं.

पहिला दिवस प्रवासाचा. तीन गाड्या, मागे बर्फाचे डबे. केपटाऊन सोडलं की द्राक्षांचे मळे लागतात, मग डोंगराच्या पोटातून बोगदा, आणि बोगद्यापलीकडे एकदम काहीच नाही. मातकट जमीन, गुडघ्याएवढी झुडपं, लांब कुठेतरी पाणी ओढणारी पवनचक्की. रस्ता असा की गाडीतला चहा हिंदकळत नाही. सहा-सात तास लागतात. पेट्रोल पंपावर थांबून घरचे समोसे खावेत, हॉटेलात हलाल मिळायची खात्री नाही. मला बिल्टोंग दिलं, म्हणजे मिरी-धने लावून वाळवलेलं मांस. मांसाचं सुकट म्हणा. पहिल्या घासाला चामडं वाटतं, तिसऱ्यानंतर हात थांबत नाही.

त्याच पंपावर दुसऱ्या गाडीतून नसीम उतरली. पाच महिन्यांनी दिसत होती. अंगात कुणाचातरी मोठा स्वेटर. मला बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. मी ओठ हलवले, 'आलो.' पण तिथे शांतता होती. शांततेत कुणी नुसते ओठ हलवले की सगळ्यांना दिसतं. शाहीन आपा म्हणाली, "काय रं रफीक, घसा बसला काय?"

नसीम गाडीत जाऊन बसली. मी मनात म्हटलं, घाबरली बिचारी. आनंदाने घाबरली.

शेतावर पाहुण्यांसाठी वेगळं घर आहे, पत्र्याचं छप्पर आणि पुढे लांबलचक ओटा. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, स्वयंपाक ओट्यावर. अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं. दिवसा ऊन असतं, पण सावलीत गेलात की हाडं वाजतात. थंडीचं ठीक, थंडीला स्वेटर आहे. त्या माळावरच्या शांततेला मात्र काही उपाय नाही. मी जन्मल्यापासून खटक-खटक ऐकत आलोय. तिथे कान कशालातरी धरायला बघतात आणि काही सापडत नाही. आपलं रक्त ऐकू येतं. अशा ठिकाणी मनात एकच माणूस घेऊन जाऊ नये, तो फार मोठा होतो.

दुसरा दिवस स्प्रिंगबॉकचा. चितळापेक्षा लहान, पांढऱ्या पोटाचं, उड्या मारणारं हरीण. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती असावी असंच मला वाटतं, पण तिथे शेतकरी हरणं राखतो आणि मोजून विकतो. एका स्प्रिंगबॉकचे पैसे आमच्या एका लूमवाल्याच्या महिन्याच्या पगाराएवढे. माझं काम असं, चाचा किंवा इम्तियाज बिस्मिल्ला म्हणून गोळी झाडणार. हरीण पडलं की मी धावायचं आणि जीव जायच्या आत अल्लाचं नाव घेऊन गळ्यावर छुरी फिरवायची. उशीर झाला तर मांस आमच्या कामाचं नाही. सगळे मला छुरीवाला म्हणू लागले.

वाट काढायला जेकब होता, शेतावरचा म्हातारा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला त्याची भाषा येत नव्हती. पण तो हाताने बोलायचा. थांब, खाली बस, तीन आहेत, वारा इकडून. मी कारखान्यातल्या खुणांनी उत्तर द्यायचो आणि त्याला कळायचं. त्या अख्ख्या माळावर माझ्याशी नीट बोलणारा तो एकटाच.

पहिला कळप झुडपामागे दिसला. मी चाचांच्या कानाशी तोंड नेलं आणि माझ्या मते कुजबुजलो, "चाचा, त्ये बघा!"

कळप उडाला तो क्षितिजावर जाऊन थांबला. जेकबने टोपी काढून कपाळावर मारून घेतली.

"लेकाच्या," चाचा म्हणाले, "नारपोली हाय काय ही? हलू बोल!"

"हलूच बोललो."

"ह्ये हलू? मग जोरात बोललास तर शेर मरतील."

आम्हा लूमवाल्यांना कुजबुजता येत नाही, ते कधी शिकायचं कामच पडत नाही.

दुपारी इम्तियाजने एक पाडलं. मी धावलो. छुरी फिरवली, आणि हरणाच्या पाठीवरची केसांची बारीक फट पंख्यासारखी उघडली, आत पांढरेशुभ्र लांब केस. त्यातून मधासारखा वास आला. खरंच, मधासारखा. जेकबने मला मानेला धरून नाक जवळ न्यायला लावलं. थोड्या वेळाने वास गेला आणि फट मिटली. मी तसाच बसून राहिलो. हे कुणालातरी सांगावं असं वाटलं, आणि जिला सांगावं ती ओट्यावर दुसऱ्याच्या बहिणी-भावजयांत कांदे चिरत होती.

इम्तियाज शेजारी येऊन उकिडवा बसला. त्याचा राग यावा म्हणून मी फार प्रयत्न केला होता. पण तो उंच, लाजरा, तोडकंमोडकं कोकणी बोलणारा पोरगा.

"रफीकभाई, एक इचारू? नसीम तिकडं पन गपच असायची?"

"का?"

"माझ्याशी बोलतच न्हाय. नुसती हो-न्हाय. मना वाटतं, मी तिला पसंत न्हाय."

मी छुरी गवताला पुसली. "असंल," म्हटलं. आतून मात्र लूमचा पट्टा सुटल्यासारखं झालं. ती बोलत नाही! माझ्यासाठी बोलत नाही. त्या संध्याकाळी मी चौघांचं जेवलो.

तिसरा दिवस पाखरांचा. गिनीची कोंबडी म्हणजे राखाडी अंगावर पांढरे ठिपके, डोकं निळं. उडण्यापेक्षा पळते जास्त, आणि ओरडते ती तेल न घातलेल्या लूमसारखी. तो आवाज ऐकून मला त्या माळावर पहिल्यांदा घरी असल्यासारखं वाटलं. तितर मात्र आपल्याकडच्यासारखेच, वज्रेश्वरीकडच्या डोंगरात आदिवासी पोरं फासे लावून धरतात तसे. बायकांसकट सगळ्यांनी रांग धरून पाखरं उठवायची, पुढे बंदूकवाले. पाखराला छर्रा लागला की मी धावायचो. दहा-बारा वेळा पडलो, गुडघे फुटले. जाडी पँट न्या, तिथल्या झुडपांना नखं आहेत.

पाखरं सोलायला बसलो तेव्हा नसीम परात घेऊन आली. आपा पाणी आणायला वळली. तेवढ्यात नसीम खाली बघत म्हणाली, "रफीक, तुझ्याकडं हाय का ते?"

काय ते? तिकीट? पैसे? बेत? मला काय, माझ्याकडे हृदय होतं.

"सगळं हाय!" मी म्हणालो.

अख्ख्या ओट्याने वळून बघितलं. चाचा म्हणाले, "काय सगळं हाय?"

"पिसं," मी म्हणालो. "सगळी पिसं हायत."

नसीमचा चेहरा पांढरा पडला होता. परात तिथेच ठेवून ती आत गेली.

चौथ्या दिवशी कुडू. शिकारीला येणाऱ्यांना तोच हवा असतो. घोड्याएवढा, करड्या अंगावर पांढऱ्या रेघा, शिंगं स्क्रूसारखी पीळ घेत गेलेली. कान एवढे मोठे की जेकबने मला आधीच ओठांवर बोट ठेवून बजावलं. सकाळभर पायाच्या ठशांमागे फिरून आम्ही शेतघराच्या मागच्याच टेकाडावर आलो. कुडू खालच्या ओढ्यात शिरला होता, बाहेर येईपर्यंत थांबायचं. जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ झाली. चाचांनी बंदुकीतल्या गोळ्या काढून खिशात टाकल्या, बंदूक माझ्या हातात दिली आणि चादर अंथरली.

बंदुकीवर दुर्बीण होती. खाली, दोनेकशे पावलांवर, ओट्यावर नसीम आणि शाहीन आपा समोरासमोर बसल्या होत्या.

मी जे केलं ते तुम्ही कधीही करू नका. मी बंदूक खांद्याला लावली आणि ओट्याकडे वळवली.

नसीम एकदम हाताच्या अंतरावर आली. नाकावर घाम, केसांची बट तोंडात. आणि तिने आपाकडे बघत हात पुढे केला, तळवा वर, आणि म्हणाली, "मना ने."

तेच ओठ. तसाच हात.

आपाने बाजूचा चाकू उचलून तिच्या तळव्यावर ठेवला.

थोड्या वेळाने तिने पुन्हा हात केला. मना ने. आपाने मिठाचा डबा दिला.

दे. मना दे.

ने म्हणा आणि दे म्हणा, ओठ सारखेच हलतात. फरक आत, नाकातून निघणाऱ्या आवाजात होतो, तो बाहेरून दिसत नाही. कारखान्यात चुकत नाही, कारण समोरच्याच्या हातात बॉबिन असते आणि काय हवंय ते आधीच माहीत असतं. त्या दिवशी माझ्याकडे तिचं काय होतं, तिला काय हवं होतं, ते मी आठवायला लागलो आणि आठवलंच.

तेवढ्यात नळीवर फाटकन मार बसला. जेकबने बंदूक खाली दाबली, हिसकावून घेतली आणि मला असा ढकलला की मी दगडांत पडलो. त्याचे डोळे लाल झाले होते. चाचा नमाजाचा सलाम फिरवून उठले. जेकबने हाताने सांगितलं, बंदूक, घर, बायका. चाचांनी माझ्या कानाखाली वाजवली.

"गोळी नव्हती," मी म्हणालो.

"नळी घराकडं! बायापोरी हायत तिथं!" चाचा ओरडले. "गोळी नसती तरी बंदूक बंदूकच. उद्यापासून हात लावायचा न्हाय. आन् नजर खाली."

कुडू अर्थातच गेला.

दुपारी मी कातडी काढायच्या शेडमध्ये एकटा छुरी धुत होतो. नसीम दारात आली. शेडमधल्या शीतखोलीचं मशीन सुरू झालं, घरघर वाढली, आणि ती सवयीने नुसते ओठ हलवू लागली.

"ओठ नको," मी म्हणालो. "मोठ्यानं बोल. मना ऐकायचंय."

"तू कशाला आलास?" ती ओरडली.

"तू बोलावलंस. खिडकीत. मना ने म्हनालीस."

ती हसलीच, आणि लगेच ओढणी तोंडावर दाबली, कारण ते हसणं लवकरच रडणं झालं.

"दे! दे म्हनले होते मी. माझा फोटो दे. हात पुढं केलेला दिसला न्हाय?"

"दिसला."

"मग?"

"मना वाटलं, हात धर म्हनतेस."

ती जमिनीकडे बघू लागली. मशीन थांबलं. पुढचं ती हळू बोलली आणि मला सगळं ऐकू आलं.

"पाच महिने झाले, मना झोप न्हाय. तू डोक्यात राख घालून घेनारा. निकाहाच्या दिवशी फोटो घेऊन उभा राहिलास तर? इम्तियाज काय इचारतो तर माझ्या तोंडातून शब्द फुटत न्हाय. वाटतं, याच्याशी बोलले, हसले, आन् उद्या त्यानं तो फोटो बघितला तर. आन् तू तर थेट इथंच आलास, छुरी घेऊन."

ती गप्प होती ते माझ्यासाठी नाही. माझ्या भीतीने.

"तो चांगला हाय," ती म्हणाली. "मना त्याच्याशी बोलायचंय, रफीक."

"फोटो भिवंडीत हाय. ट्रंकेत."

"मग अम्माला नेऊन दे. गेल्या गेल्या. कसम खा."

मी कसम खाल्ली. ती गेली. मी छुरी पुन्हा धुतली, धुतलेली असूनही.

शेवटच्या सकाळी उजाडताना जेकबने मला उठवलं. त्याच्या हातात बंदूक नव्हती. ओढ्याच्या वळणावर आम्ही दगडाआड बसलो. कुडू आला. पाणी प्यायला, मान वर केली, ते मोठे कान आमच्याकडे वळले. मी श्वाससुद्धा जपून घेतला. बराच वेळ तो तिथेच उभा राहिला आणि मग चालत निघून गेला. जेकबने माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. शाब्बास. अख्ख्या सफरीत एवढी एकच शाबासकी मिळाली, आणि तीही गप्प बसल्याबद्दल.

परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपाशी इम्तियाज आणि नसीम गाडीला टेकून उभे होते. ती काहीतरी सांगत होती, तो हसत होता. मी गाडीच्या काचेकडे पाठ केली. ओठ दिसले असते तर वाचल्याशिवाय राहिलो नसतो.

जाणाऱ्यांसाठी उरलेलं सांगतो. मांस परत आणता येत नाही, ते तिथल्या घरांत वाटून टाकतात. शिंगांना कागदपत्रं लागतात, त्या फंदात पडू नका. मी फक्त गिनीच्या कोंबडीचं एक ठिपक्यांचं पीस आणलं, पासपोर्टात घालून. स्वेटर दोन न्या. आणि बंदूक कुणी हातात दिली तर नळी कुठे आहे ते आधी बघा. इतकी साधी गोष्ट, पण मला ती शिकायला समुद्रापार जावं लागलं.

भिवंडीत आलो ती दिवसपाळीची वेळ होती. खारबावपर्यंत कापडाच्या ट्रकांची रांग लागली होती. रिक्षा नारपोलीत शिरली आणि खटक-खटक सुरू झाली. माळावर पाच-सहा दिवस ज्या आवाजावाचून मी वेडा झालो होतो, तो आता नुसता आवाज वाटला. सामान न सोडता ट्रंक उघडली. हिशेबाच्या पुस्तकात ती निळ्या पडद्यासमोर उभी होती. मी एकदाच बघितलं आणि पाकिटात घालून पाकीट चिकटवलं.

गटार ओलांडायला दोन ढांगा लागतात. चार वर्षांत मी त्या कधी टाकल्या नव्हत्या.

जिना चढलो, नसीमच्या अम्माने दार उघडलं. मी त्यांना खाला म्हणतो. "रफीक? कवा आलास? माझी पोर कशी हाय?"

"बरी हाय, खाला. खूश हाय. बोलते आता." मी पाकीट पुढे केलं. "हे तिचं. माझ्याकडं राहिलं होतं."

खालांनी पाकीट दोन्ही हातांनी चाचपलं, आतला जाड पुठ्ठा बोटांना लागला असावा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पाकीट न फोडता त्यांनी ते कुराणाच्या कपाटात, खालच्या फळीवर ठेवलं.

त्यांच्यामागे, खोलीच्या पलीकडच्या टोकाला, ती खिडकी होती. तिथून आमचा कारखाना पहिल्यांदाच दिसला. माझ्या लूमवर दुसरं कुणीतरी उभं होतं. खोलीच्या दारातून, कारखान्यातल्या अंधारात, माणसाचा चेहराही नीट कळत नव्हता, ओठ तर सोडाच.

मी वळलो. मागून लूमच्या आवाजात खाला काहीतरी म्हणाल्या. चहा म्हणाल्या असतील, दुवा दिली असेल, शिवीही असेल. वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं असतं तर कळलं असतं. मी बघितलं नाही. बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.